बोरी-बाभळी बायका

मंगळवार, सकाळचे सात

आज पुन्हा पहाटे चारला जाग आली. आई गेल्यापासून हे असंच चाललंय. घरात दुसरं कुणी नाही, म्हणून दिवाही लावावासा वाटला नाही. पडल्या पडल्या फोनवर जात्यावरच्या ओव्या लावल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या सीतेच्या वनवासाच्या.

एक ओवी चारदा मागे नेऊन ऐकली. एवढ्या रानात कोण रडतंय ते ऐका, असं बाई म्हणते. रडणारी सीता. आणि तिची समजूत काढायला कोण जमलंय? बोरी आणि बाभळी, या बायका.

वाल्मीकींचा आश्रम नंतरचा. आधी काटेरी झाडं. बोर-बाभूळ आमच्याकडे कुणी हौसेनं लावत नाही. बांधाला आपसूक उगवतात, फांद्या तोडून कुंपणाला टाकतात. पोटुशी असताना नवऱ्यानं रानात सोडलेली बाई, बाळंतपणाला माहेर नाही, आई म्हणावी तर ती जमीनच. तिच्याजवळ यायला दळणाऱ्या बाईला हीच झाडं आठवली. तिच्या रोजच्या वाटेवर तीच तर होती.

ही ओवी म्हणणारीही अंधारात एकटीच दळत बसलेली असणार, सासरचं घर झोपेत असताना. आजीच्या जात्याचा खुंटा मी पाहिलाय. मूठ पडते तेवढाच भाग गुळगुळीत, खालचं लाकूड खरबरीत. किती वर्षं ओढला असेल तिनं! सीतेनं आपला सासुरवास घरोघरच्या बायांना वाटून दिला, असंही ओव्यांत येतं. पूर्वी मला तो शाप वाटायचा. आज वाटलं, एकटीला पेलवेना म्हणून वाटला असेल.

यवतमाळ जिल्ह्यात राळेगावजवळ रावेरीला सीतेचं देऊळ आहे. आत राम नाही, सीता एकटी. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी पुढाकार घेऊन त्याचा जीर्णोद्धार केला. लव-कुशांना घेऊन ती तिथं राहिली, गावात मूठभर गहू मागायला गेली, कुणी दिला नाही, म्हणून तिच्या शब्दानं गावात गहू पिकेनासा झाला, अशी तिथली कथा. मूठभर गहू. हे मला सहन होत नाही. रामानं टाकलं ते एकदा, पण लोकांनी दारातून परत पाठवलं ते रोजचं.

सहाला राहवेना म्हणून मावशीला फोन लावला. म्हटलं, बोरी-बाभळीच्या पुढची ओवी येते का तुला? आई म्हणायची का गं?

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "जात्यावर बसल्याबिगर न्हाई आठवायची मला. तू ये इकडं. जातं हाय अजून मागच्या पडवीत. दोघी ओढू."

शनिवारची एसटी बघते.