आमची वाटचाल : टायटॅनियमला कोट शिवताना

भोसरी एमआयडीसीत अण्णांची शेड होती तेव्हा आमच्याकडे दोन लेथ, एक मिलिंग आणि एक ड्रिल एवढाच संसार. पंपाचे शाफ्ट, स्लीव्ह, बुश, येईल तो जॉब. झिजलेल्या शाफ्टवर वेल्डिंगने मेटल चढवायचं आणि लेथवर परत मापात आणायचं, यावर घर चालायचं. वेल्डिंगच्या उष्णतेने लांब शाफ्ट धनुष्यासारखा वाकायचा आणि तो सरळ करण्यात अर्धा दिवस जायचा. त्या वाकण्याला वैतागूनच मी लेसर क्लॅडिंगकडे वळलो. लेसरचा ठिपका दोन-तीन मिलिमीटरचा, उष्णता तेवढ्यापुरतीच. पावडर नोझलमधून नेमकी त्या ठिपक्यात पडते, वितळते आणि खालच्या धातूशी एकजीव होऊन थिजते. मशीन जुनं घेतलं, तेही बँकेचं कर्ज काढून. अण्णा म्हणाले, "एवढ्या पैशात दोन चांगले सीएनसी, संगणकावर चालणारे लेथ, आले असते." आले असते, हे खरंच.

स्टीलवर हात बसला. मग कुरकुंभच्या एका केमिकल कारखान्यातून फोन आला. टायटॅनियमचा शाफ्ट आहे, खराब होतोय, वरून काही चढवता येईल का? मी उलट विचारलं, "टायटॅनियमला कुठे गंज लागतो?" पलीकडचे साहेब हसले. "या, बघा."

जाऊन बघितलं तर शाफ्टचा आम्लात बुडणारा भाग उंदराने कुरतडल्यासारखा. टायटॅनियमची सगळी मिजास त्याच्या अंगावरच्या ऑक्साइडच्या पापुद्र्यावर असते. जाडी काही नॅनोमीटर. ओरखडा पडला तरी हवा-पाणी मिळालं की क्षणात पुन्हा तयार होतो. म्हणून समुद्राचं पाणी, ओला क्लोरीन, नायट्रिक आम्ल यांना तो दाद देत नाही. पण गरम हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक आम्लात हा पापुद्रा विरघळतो आणि परत धरत नाही. गरम खाऱ्या पाण्यात गॅस्केटखालच्या फटीतही तेच होतं, कारण तिथे ऑक्सिजन संपतो. हायड्रोफ्लोरिकचं तर नावच काढू नका.

आम्ही स्टीलच्या सवयीने गेलो. आम्लाला निकेल मिश्रधातू चांगला टिकतो, पावडर घरात होती, चढवली. दिसायला काय देखणा थर आला होता! संध्याकाळी लेसर बंद करून चहा घेत होतो आणि आवाज आला. टिच. आमचे मामा, म्हणजे अण्णांच्या काळापासूनचे लेथवाले, म्हणाले, "पत्रा वाजला असेल रे, ऊन उतरलं की वाजतोच." पाच मिनिटांनी पुन्हा टिच. मग टिच-टिच. मामांनी कप खाली ठेवला. सकाळी डाय पेनिट्रंट, म्हणजे भेगांत शिरणारा लाल रंग मारलं, तर वरून फवारलेल्या पांढऱ्या डेव्हलपरवर लाल रेघांची जाळी उमटली, उन्हाळ्यात भेगाळलेल्या शेतासारखी. शाफ्ट गिऱ्हाइकाचा होता. त्याचे पैसे भरून दिले, हप्त्याने.

असं का झालं, हे एका धातुशास्त्राच्या प्राध्यापकांनी वहीच्या मागच्या पानावर आलेख काढून समजावलं. टायटॅनियम आणि निकेल एकत्र वितळले की त्यांची ठिसूळ संयुगं बनतात. थंड होताना थर आकसतो, ताण येतो आणि ते तडकतं. लोखंड, कोबाल्ट यांचीही तीच गत. "आधी सोयरीक जुळते का ते बघा, गुण नंतर बघा," असं ते म्हणाले. टायटॅनियमशी जुळणारे थोडेच: झिर्कोनियम, नायोबियम, टँटलम. हे वितळलेल्या टायटॅनियममध्ये साखरेसारखे मिसळतात, मध्ये ठिसूळ काही तयार होत नाही.

गरम हायड्रोक्लोरिकसाठी यांतला खरा पहिलवान टँटलम, पण तो छळतोही तसाच. तो ३०१७ अंश सेल्सिअसला वितळतो आणि टायटॅनियम ३२८७ला उकळायला लागतो. म्हणजे पावडर पुरती वितळवायची, पण खालचा धातू उकळू द्यायचा नाही. शिवाय टँटलमची घनता टायटॅनियमच्या जवळजवळ पावणेचारपट. अर्धवट वितळलेले कण रसात दगडासारखे तळाला बसतात. पॉवर वाढवली की टायटॅनियमच जास्त वितळून थरात मिसळतो, आणि मग लेप नावापुरता राहतो. आम्ही दोन थरांवर आलो. पहिल्यात मिसळ होऊ द्यायची, दुसरा त्यावर हलक्या हाताने द्यायचा. हे वाक्य लिहायला एक ओळ लागली, करायला पावणेदोन वर्षं. पावडरचं बिल आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

यातलं अर्धं काम अर्गॉनचं, म्हणजे तापलेल्या धातूपासून हवा दूर ठेवणाऱ्या वायूचं आहे. तापलेला टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन ओढून ठिसूळ होतो, आणि ते रंगावरून कळतं. चांदीसारखा आला तर उत्तम, गवती पिवळा चालवून घेता येतो, निळा आला की शंका घ्यायची, राखाडी किंवा पांढरी भुकटी दिसली की जॉब बाद. एकदा सलग आठवडाभर निळाच यायला लागला. मी ऑपरेटर पोराला नको ते बोललो. गुरुवारी, सुट्टीच्या शांततेत, साबणाचं पाणी घेऊन बसलो, तर रेग्युलेटरजवळ पाइपवरच बुडबुडे आले. पाइप मीच स्वस्तातला आणला होता. शुक्रवारी त्याची माफी मागितली. तो नुसता मान खाली घालून हसला.

तेव्हापासून शेडमध्ये काही गोष्टी सोवळ्यात असतात. स्टीलवर फिरवलेला तारेचा ब्रश टायटॅनियमला लागत नाही, लोखंडाचे कण रुतून बसतात. पावडरजवळ कोरड्या वाळूच्या बादल्या. टायटॅनियमचा चुरा पेटला आणि पाणी मारलं, तर आग भडकते.

प्रत्येक कामाला लेसर लागतो असं आम्ही कुणाला सांगत नाही. छोटा भाग असेल तर ग्रेड ७च्या टायटॅनियमचाच घ्या म्हणतो, त्यात ०.१२ ते ०.२५ टक्के पॅलेडियम असतं आणि सौम्य आम्लाला तेवढ्याने भागतं. अशी दोन-तीन गिऱ्हाइकं परत पाठवली, त्यावरून घरात बोलणीही खाल्ली. मोठा शाफ्ट असेल, खराब होणारा भाग वीतभर असेल, तर मात्र आमच्याकडे या.

सध्या अडलोय ते नळीच्या आतल्या बाजूला. आमचं नोझल बारीक भोकात शिरत नाही, म्हणून लांब, वाकड्या मानेचं नोझल घरीच बनवतोय. परत येणाऱ्या उष्णतेने त्याचं तांब्याचं टोक दोनदा वितळलं. तिसरं मामांनी करायला घेतलं, मानेत पाणी खेळवायची जागा ठेवून, अण्णांच्या त्याच जुन्या लेथवर. काल संध्याकाळी भोक अर्धा मिलिमीटर सरकलं म्हणून त्यांनी स्वतःच ते भंगारात टाकलं आणि आज सकाळी चौथं लावलंय.