आजींच्या हिरड्या

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया रोज बुडवून ओपीडीला येतात. त्यांना ‘पुन्हा या’ म्हणायला जीभ रेटत नाही.

त्या दिवशी ६४ वर्षांच्या आजी आल्या. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी ९.८ टक्के, म्हणजे बरीच जास्त. आधीच्या दोन्ही खेपांना मी गोळी वाढवली होती, पथ्यावरून रागावलेही होते. या वेळी त्यांचे डोळे भरून आले. “साकर सोडली, भात सोडला, चायबी बिनसाकरेचा पेतो. आता काय सोडू, मॅडम?” खाणं काय, तर ज्वारीची भाकर, तीही वरणात कुस्करून.

कुस्करून का?

“दात हालते न माय.”

दोन वर्षांत पहिल्यांदाच मी टॉर्च लावून त्यांचं तोंड पाहिलं. खालच्या हिरडीवर हलकंच बोट दाबलं, तर दाताच्या मुळाशी पुवाचा पांढरा थेंब वर आला, मागोमाग रक्त. दुखतं का? नाही. दुखत नव्हतं म्हणूनच त्या कधी बोलल्या नव्हत्या. कमरेच्या पिशवीत खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची पन्नी होती.

हिरडीतला असा जुना दाह तोंडापुरता राहत नाही. इंटरल्युकिन-६, टीएनएफ यांसारखी रसायनं रक्तात उतरतात, इन्सुलिनचं काम अडवतात. साखर वाढली की हिरडी आणखी सडते. वयाबरोबर अंगात धुमसत राहणाऱ्या दाहाला क्लॉदिओ फ्रांचेस्की या इटालियन शास्त्रज्ञाने २००० साली ‘इन्फ्लेमेजिंग’ म्हटलं. रक्तवाहिन्या, सांधे, मेंदू, सगळ्यांच्या झिजेत त्याचा वाटा असतो. त्यावर आपण सांगतो, रोज चाला. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला चालायला काय सांगायचं? तिच्या तोंडात पाहायला हवं होतं, आणि ते माझं काम होतं.

ग्रामीण रुग्णालयातल्या दंतवैद्यांना फोन केला. दोन दात काढले, बाकीच्यांची मुळापर्यंत सफाई झाली. गोळ्या मी मुद्दाम तशाच ठेवल्या. हिरड्यांच्या उपचाराने एचबीएवनसी साधारण ०.४ ने उतरते, असं अनेक चाचण्या एकत्र पाहिल्यावर दिसलंय. आजींची तीन महिन्यांनी ९.२ आली. अजून पुष्कळ उतरायला हवी.

आता बीपीच्या पट्ट्याशेजारी टॉर्च असतो. आजींच्या हिरडीतून रक्त येत नाही. खर्रा अर्ध्यावर आलाय, सुटलेला नाही. पुढच्या खेपेला त्या सुनेलाही आणणार आहेत, तिचेही दात पाहायचेत.