तुम्ही विचारलंत म्हणून: गावच्या शाळेत परत का आलो

लग्नकार्यात, एसटीच्या थांब्यावर, पालकसभेनंतरच्या चहाच्या वेळी मला एक प्रश्न ठरलेला असतो. पुण्यात स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये चांगले बस्तान बसलेले असताना, जुन्नर तालुक्यातल्या ज्या शाळेत स्वतः शिकलो तिथेच इतिहास शिकवायला तुम्ही परत का आलात? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा दोन उत्तरे तयार असतात: आईवडिलांची काळजी किंवा मातीची ओढ. आईवडील ठणठणीत आहेत, आणि नुसत्या मातीच्या ओढीने कोणी शिक्षणसेवकाच्या महिना १८,००० रुपयांवर तीन वर्षे काढायला तयार होत नाही.

खरे कारण एका फोटोत आहे. आठवीत असताना, हिवाळ्यात, शाळेने आमची सहल नाणेघाटात नेली होती. घाटाच्या तोंडाशी असलेला जकातीचा दगडी रांजण आम्ही पाहिला, कड्यावरून खाली कोकण पाहिले, आणि मग गुहेत बसून भेळ खाल्ली. तिथेच डाव्या भिंतीपुढे सगळ्यांना उभे करून फोटो काढला गेला. त्यानंतर आठ वर्षांनी पुणे विद्यापीठात एम.ए.च्या वर्गात प्राध्यापकांनी सातवाहन राणी नागनिकेच्या लेखाचा ठसा पडद्यावर दाखवला, तेव्हा त्या ओळींची ठेवण कुठेतरी पाहिल्यासारखी वाटली. दिवाळीच्या सुट्टीत घरी आल्यावर पत्र्याच्या पेटीतून तो फोटो काढला. आमच्या डोक्यांच्या मागे, चाळीस पोरांच्या हसऱ्या तोंडांच्या वर, दोन हजार वर्षांपूर्वीची ब्राह्मी लिपीतली अक्षरे स्पष्ट दिसत होती. मी त्या लेखाला पाठ टेकवून उभा होतो.

यात आमच्या त्या वेळच्या सरांना बोल लावावा, असे मला काही दिवस वाटले, हे कबूल करतो. पुढे एकदा ते बाजारात भेटले तेव्हा मी तो विषय काढला. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, “अरे, मला तरी कुणी सांगितलं होतं?” त्यांच्याकडे तीन तुकड्यांचा इतिहास, दोन तुकड्यांचा भूगोल आणि वर जनगणनेचे काम असे. शिवनेरी त्यांनी आम्हाला मनापासून दाखवला, बुरूज आणि टाकी मोजून दाखवली. नाणेघाट मात्र त्यांच्या लेखी सहलीची जागा होती. जुन्नरकरांच्या मनातला इतिहास १६३० साली सुरू होतो आणि त्याच्या मागे मोठी मोकळी जागा राहते, ही तक्रार खरे तर माझ्यासकट सगळ्या गावाबद्दल आहे.

तेव्हाच परत यायचे ठरले, पण ठरवण्याने नोकरी मिळत नाही. २०१२ साली माझे बी.एड. पूर्ण झाले आणि त्याच वर्षी राज्यात शिक्षकभरतीवर बंदी आली. काही महिने तासिका तत्त्वावर काढून मी क्लासमध्ये शिरलो आणि अकरा वर्षे तिथेच राहिलो. क्लासमधला इतिहास चार पर्यायांत बसतो: सत्यशोधक समाजाची स्थापना १८७३, पुणे करार १९३२, पुढचा प्रश्न. पैसे बरे होते, मुले मेहनती होती, आणि मला त्या कामाची लाज कधीच वाटली नाही. फक्त ‘हे आपल्याला कशावरून कळले?’ असे तिथे कोणी विचारत नसे, आणि विचारले असते तर मीच त्याला गप्प केले असते, कारण पुढच्या बॅचची मुले दाराशी उभी असायची. २०२३ साली शिक्षकभरतीसाठीची अभियोग्यता चाचणी निघाली. पस्तिशी उलटलेल्या माणसाने दोन तासांत दोनशे प्रश्न सोडवणे ही एक स्वतंत्र करमणूक आहे. भरतीच्या पवित्र पोर्टलवर प्राधान्यक्रम भरताना या शाळेचे नाव पहिले टाकले, मुलाखतीत पाठ घेऊन दाखवला, आणि २०२४ मध्ये रुजू झालो.

दहावीच्या आताच्या पुस्तकातला पहिलाच धडा इतिहासलेखनाचा आहे. इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून ४० गुणांची परीक्षा असल्यामुळे मुले तो धडा व्याख्या पाठ करून उरकू पाहतात, आणि त्यांचे फारसे चुकते असेही मी म्हणणार नाही. म्हणून गेल्या डिसेंबरात परवानगीचे सगळे कागद पुरे करून मी दहावीला नाणेघाटात नेले. आधी वर्गात ब्राह्मी अंक फळ्यावर काढून दिले होते. लेखात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे आहेत. एके ठिकाणी १७०० गायी आणि १० हत्ती. पोरांनी हजाराची खूण शोधली, तिच्या पुढे सातशेची वेगळी खूण शोधली, आणि गणितात जेमतेम पास होणाऱ्या एकाने सगळ्यांच्या आधी ओरडून सांगितले की यात शून्यच नाही.

गुहेच्या मागच्या भिंतीत पूर्वी राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आता त्यांच्या पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत आणि वर कोरलेली नावे: सिमुक सातवाहन, देवी नायनिका (म्हणजेच नागनिका), सातकर्णी. एक मुलगी बराच वेळ त्या पावलांपाशी थांबली होती. “सर, नावं राहिली, मग मूर्ती कुणी फोडल्या?” मी म्हणालो, ते इथे कुठे लिहिलेले नाही. तिने वहीत प्रश्न उतरवला, खाली ‘लिहिलेले नाही’ असे लिहिले आणि त्या दोन शब्दांखाली रेघ ओढली. तेवढ्यात एसटीच्या चालकाने भोंगा वाजवला, आणि फोटो काढायचा राहून गेला.