एरर नाही, पण ग्रुप गायब

महिनाअखेरची रात्रीची बॅच व्यवस्थित संपली होती. एकही जॉब पडला नव्हता, रिजेक्ट टेबल रिकामं होतं. सकाळी क्रेडिट कंट्रोलच्या मॅडमचा फोन आला. "सर, ग्रुपवाइज येणं लेजरशी जुळत नाहीये. आणि तो मोठा ग्रुप यादीत दिसतच नाही."

क्लायंट यंत्रांचे सुटे भाग विकणारी कंपनी. तिथे उधारीची मर्यादा एकेका ग्राहकावर नसते, पूर्ण ग्रुपवर असते. ग्रुप कोणाचा, हे एमडीएम (ग्राहकांची मूळ माहिती एका जागी ठेवणारी यंत्रणा) ठरवतं. त्या रात्री ग्रुपच सापडला नाही, त्यामुळे मर्यादा तपासली गेली नाही आणि ऑर्डरवर होल्डही लागला नाही.

आधी रचना सांगतो. इन्फॉर्मॅटिका एमडीएममध्ये ग्राहक एका बेस ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे मुख्य टेबलात, असतात आणि त्यांची नाती वेगळ्या रिलेशनशिप बेस ऑब्जेक्टमध्ये. नात्याच्या एका ओळीत पहिली पार्टी (म्हणजे ग्राहक कंपनी), दुसरी पार्टी, नात्याचा प्रकार, हायरार्की (नातं कुठल्या उतरंडीतलं ते), सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. पहिली म्हणजे पालक, दुसरी म्हणजे उपकंपनी, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवायचं. एका सोर्सने, म्हणजे डेटा पाठवणाऱ्या सिस्टिमने, उलट भरलं की निस्तरता निस्तरत नाही. लोडचा क्रमही ठरलेला: आधी पार्ट्या, मग नात्यांचे प्रकार, शेवटी नाती. नात्याच्या फाइलमध्ये सोर्सची की (तिथला ओळख क्रमांक) द्यायची, एमडीएमचा अंतर्गत आयडी नाही, कारण मर्ज झाल्यावर तो आयडी बदलू शकतो. की सापडली नाही तर ओळ रिजेक्ट होते, आणि ते बरंच असतं. निदान कळतं तरी.

इथे सगळ्या की सापडल्या होत्या. अ ही होल्डिंग कंपनी, तिच्याखाली ब, ब खाली क आणि आणखी तीन. म्हणजे सहा पार्ट्या हव्यात. टेबलात मात्र पाचच होत्या. हिस्टरी टेबलात पाहिलं तर त्याच रात्री अ आणि क मर्ज झालेल्या, म्हणजे एकच नोंद समजून एकत्र केलेल्या. आजी आणि नात एकच माणूस ठरल्या म्हणा ना.

मर्ज झालं की हरलेल्या नोंदीची नाती आपोआप टिकलेल्या नोंदीकडे वळतात. अ→ब आणि ब→क या दोन ओळी त्यामुळे अ→ब आणि ब→अ झाल्या. रिपोर्टची क्वेरी ओरॅकल डेटाबेसच्या 'कनेक्ट बाय'वर (पालकाकडून मुलांकडे उतरत जाणारी रचना) चालते आणि सुरुवात करते ज्याला पालक नाही अशा पार्टीपासून. आता अ ला पालक होता: ब. ब लाही होता: अ. या वर्तुळात शिरायला दारच उरलं नाही, म्हणून क्वेरी तिकडे फिरकलीच नाही. ब खालच्या बाकीच्या तिघीही त्यासोबत गेल्या. क्वेरी मुद्दाम अ पासून सुरू केली तेव्हा कुठे ओआरए-०१४३६ आली: डेटात लूप आहे. अशा वेळी 'नोसायकल' टाकून मोकळं होण्याचा मोह होतो. पण तो शब्द फक्त एरर दाबतो. मूळ नसलेला ग्रुप त्याने परत येत नाही.

मर्ज का झालं, हे जास्त शिकण्यासारखं आहे. दोन्ही कंपन्यांचा नोंदणीकृत पत्ता एकच, ग्रुपमध्ये ते नेहमीचंच. नावांत फरक फक्त 'इंडिया' या शब्दाचा, आणि नाव साफ करताना 'प्रायव्हेट', 'लिमिटेड' यांच्याबरोबर 'इंडिया'ही गाळला जात होता. राहिला पॅन. तो वेगळा असायलाच हवा, कारण उपकंपनी ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती आहे. पण क जुन्या ईआरपीतून (कंपनीच्या व्यवहारांच्या सॉफ्टवेअरमधून) आली होती आणि तिथे पॅनचा रकाना रिकामा. मॅच रूलमध्ये, म्हणजे दोन नोंदी एकच आहेत का हे ठरवणाऱ्या नियमात, पॅनच्या कॉलमला 'रिकामं असेल तर भरलेल्याशी जुळतं' असं सेटिंग होतं. झालं, तिन्ही अटी पास.

गंमत म्हणजे क चा जीएसटी क्रमांक त्याच ओळीत होता. १५ अक्षरांपैकी पहिली दोन राज्याची (महाराष्ट्र २७) आणि तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत चक्क पॅन! तिथून पॅन काढून भरला असता तर दोन्ही नोंदी जुळल्याच नसत्या. शाखा आणि उपकंपनीतला फरकही इथेच दिसतो: दुसऱ्या राज्यातल्या शाखेचा जीएसटी क्रमांक वेगळा, पण आतला पॅन तोच. शाखेला उपकंपनी म्हणून जोडू नये, ती त्याच पार्टीचा पत्ता असते.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा. आधी मॅच रूल बदलला, मग अनमर्ज. उलट केलं तर वेगळी झालेली नोंद पुन्हा मॅचिंगच्या रांगेत जाते आणि रात्री परत चिकटते. जीएसटी क्रमांकातून पॅन भरण्याची पायरी स्टेजिंगमध्ये (लोडच्या आधी डेटा साफ होतो तिथे) टाकली, पॅनचं ते सेटिंग काढलं, आणि 'इंडिया' गाळायच्या शब्दांतून वगळला. अनमर्जनंतर ब→क ही ओळ खरंच क कडे परत गेली का, हे डोळ्यांनी तपासलं. ती आपोआप परत जाईल यावर विसंबू नये.

बॅचच्या शेवटी, रिपोर्टच्या आधी, आता एक जॉब आहे. पार्टी स्वतःचीच पालक आहे का? वर्तुळ आहे का? आणि सर्वांत कामाचा प्रश्न: चालू पार्ट्या एकूण किती, आणि मुळापासून खाली उतरत त्यांतल्या किती सापडल्या? दोन आकडे जुळले नाहीत की रिपोर्ट थांबतो.

हा जॉब लावल्यावर दुसरंच एक प्रकरण वर आलं. एका पार्टीला दोन पालक होते, ५१ आणि ४९ टक्क्यांचे, आणि तिचं येणं दोन्ही ग्रुपांत पूर्णच्या पूर्ण मोजलं जात होतं. कंपनी कायदा २०१३ च्या व्याख्येत मतदानाचा निम्म्याहून जास्त हक्क असेल तर उपकंपनी. किमान २० टक्के हक्कामुळे प्रभाव असेल, पण उपकंपनी नसेल, तर असोसिएट. म्हणून ४९ टक्केवाल्याचा नात्याचा प्रकार बदलून 'असोसिएट' केला. तो मालकीच्या हायरार्कीत ठेवला आणि क्रेडिटच्या हायरार्कीतून काढला. दोन्ही हायरार्की आधीपासून वेगळ्या होत्या म्हणून हे तासाभरात झालं. ५०-५० च्या भागीदारीत मात्र येणं कुठल्या ग्रुपात धरायचं, हे क्रेडिट कंट्रोलने लेखी द्यावं लागतं. ते सॉफ्टवेअरला ठरवता येत नाही.