तुम्ही विचारलंत म्हणून: मास्तरांचं अर्धं रजिस्टर

दारव्ह्याच्या बसस्थानकावर, लग्नाच्या पंगतीत, परवा तर कृषी केंद्रात बियाण्याच्या रांगेतसुद्धा तोच प्रश्न आला. "ताई, मास्तरायचं ते शेवटचं पुस्तक काहून नाई काढत तुमी? खुनी कोन होता मंग?" विचारणारे बहुतेक साठीच्या पुढचे. तरुणपणी त्यांनी बाबांच्या रहस्यकथा वाचनालयातून नेऊन एका रात्रीत संपवलेल्या आहेत. मी "काढू, काढू" म्हणते आणि पुढे निघते. इतक्या मायेनं विचारणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं नाही, म्हणून आज सगळं सांगते.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांनी चौदा कादंबऱ्या लिहिल्या. नायक ना पोलीस, ना वकील. कापूस एकाधिकार खरेदी केंद्रावरचा ग्रेडर. सगळा कापूस सरकारनंच विकत घ्यायचा, ही ती एकाधिकार योजना १९७२ साली सुरू झाली. कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या जिनिंगच्या फाटकापासून सडकेपर्यंत लागलेल्या बैलबंड्यांच्या रांगा बाबांनी पाहिल्या होत्या, स्वतःचा कापूस घेऊन त्या रांगेत रात्रीही काढल्या होत्या. चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, धाग्याची लांबी बघायची आणि प्रत सांगायची, हे ज्याचं काम, त्याच्यासमोर प्रत्येक माणूस काही ना काही लपवत असतो, असं ते म्हणत. आमच्याकडच्या छोट्या शकुंतला रेल्वेच्या डब्यात झालेला खून त्यांच्या ग्रेडरनं मेलेल्या माणसाच्या टोपीला चिकटलेल्या धाग्यांवरून सोडवला. एक धागा एच-फोर या संकरित वाणाचा, दुसरा देशी कपाशीचा, आणि त्या माणसाच्या गावात देशी कपाशी कुणीच पेरत नव्हतं. चौदा पुस्तकांत ग्रेडरला नाव नाही. सगळे त्याला ग्रेडरसाहेब म्हणतात.

२००९ साली बाबा गेले. मृत्युपत्र नव्हतं. तलाठ्याकडे अर्ज दिला, वारसांची नोंद झाली, फेरफार मंजूर झाला, सातबाऱ्यावर आमची नावं चढली. माळ्यावरच्या लोखंडी पेटीत चौदा पुस्तकं आणि शेवटच्या कादंबरीचं एक अर्धं लिहिलेलं रजिस्टर होतं. त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही, आम्हीही नाही. पुस्तकाचा सातबारा नसतो. लिहिलं त्या क्षणी हक्क तयार होतो, त्याची नोंदणी सक्तीची नाही, आणि लेखक गेल्यावर तो घरातल्या दागिन्यांसारखाच वारसांत वाटला जातो. आमच्या घरी ते वारस म्हणजे आई, दादा, मी आणि बाबांच्या आधी वर्षभर वारलेल्या धाकट्या बहिणीची दोन मुलं. सगळ्यांची संमती असल्याशिवाय एक पानही छापायला देऊ नका, असं वकिलांनी बजावलं. लेखकाच्या हयातीत छापलेल्या पुस्तकांवर हा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. म्हणजे बाबांची चौदा पुस्तकं सर्वांसाठी खुली होतील १ जानेवारी २०७० रोजी. प्रश्न विचारणाऱ्यांपैकी तेव्हा कोण असेल? ही तारीख मोजली त्या रात्री मला झोप लागली नाही.

जुन्या पुस्तकांचा घोळ वेगळाच. ज्या प्रकाशनानं ती काढली ते बंद पडलं, आणि ज्यांनी त्यांचा साठा घेतला ते म्हणू लागले की हक्कही आमचेच. कागद दाखवा म्हटलं तर कागद नाही. कायद्यात हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागतं. माझ्याजवळ बाबांची पाच पत्रं निघाली. एकरकमी मानधन मिळाल्याची पोच त्यांत आहे, पण "हक्क दिला" असं कुठेही नाही. मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचंच धरतात, पण ती तरतूद १९९५ साली लागू झाली आणि आधीच्या व्यवहारांना लागत नाही. बाबांची अकरा पुस्तकं त्या आधीची. म्हणून ही पत्रं मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून गव्हाच्या कोठीत ठेवली आहेत. घरात लिहिणारं कुणी असेल तर त्यांचे कागद आजच शोधा, ही माझी हात जोडून विनंती आहे.

मग एका ऑडिओ कंपनीचा फोन आला. त्यांना जुनी पुस्तकं हवी होतीच; पण खरी हवी होती ग्रेडरच्या नव्या पन्नास गोष्टी, त्यांच्या लेखकांकडून लिहून घेतलेल्या. ग्रेडरला एक नाव आणि एक प्रेयसी द्यायची होती. रक्कम मोठी होती, दादा तयार होता. त्याच्या डोक्यावर मुलीच्या शिक्षणाचं कर्ज होतं, त्याला मी आजही दोष देत नाही. पण मी सही केली नाही.

त्या दिवसांत मी वाचत सुटले, इतरांनी काय केलं ते शोधत. स्वीडनच्या रहस्यकथाकार स्टीग लार्सनची कहाणी वाचून तर रडूच आलं. तो २००४ साली पन्नासाव्या वर्षी अचानक गेला. मान्य होईल असं मृत्युपत्र नाही. जिच्यासोबत तीस वर्षांहून जास्त संसार केला तिच्याशी लग्न झालेलं नव्हतं, म्हणून सगळे हक्क वडील आणि भावाकडे गेले. पुढे २०१५ पासून त्याची पात्रं दुसऱ्या लेखकानं चालवली, तिचा विरोध असताना. अगाथा ख्रिस्ती मात्र पक्की बाई. १९५५ सालीच तिच्या लेखनासाठी कंपनी स्थापन झाली होती, आणि तिच्या गुप्तहेराच्या, पॉइरोच्या मरणाची कादंबरी तिनं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून तिजोरीत ठेवली होती. ती १९७५ साली छापली आणि पुढच्याच वर्षी ख्रिस्ती गेली. तरीही २०१४ साली वारसांच्या परवानगीनं दुसऱ्या लेखिकेनं पॉइरोला पुन्हा उठवलंच. माझ्या मनात बसली ती अमेरिकेची रहस्यकथाकार सू ग्राफ्टन. प्रत्येक पुस्तकाच्या नावात एक इंग्रजी अक्षर, अशी ए ते झेड मालिका लिहिता लिहिता ती २०१७ साली वायवर थांबली. आमच्यापुरती मुळाक्षरं आता वायलाच संपतात, असं तिच्या मुलीनं जाहीर केलं. दुसऱ्याकडून झेड लिहून घेतलं नाही.

हे मी दादाला फोनवर वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबांनी नाव दिलं नाई त्याले, तं आपन कोन देनारे?"

तेव्हापासून आमचं ठरलं आहे. चौदाही पुस्तकं पुन्हा छापायची, स्वस्तात, एसटी स्टँडवर मिळतील अशी. ऑडिओही करू, पण शब्द बाबांचेच. ग्रेडरची नवी गोष्ट कुणी लिहिणार नाही, मीही नाही. मी मराठी शिकवते, बाबांची लकब मला येते, "तुमीच पुरं करा ना" असा आग्रहही होतो. पण गुंता त्यांनी बांधला होता. मी सोडवला तर तो माझा खुनी होईल, त्यांचा नाही. रजिस्टर आहे तसं छापायचं, जिथे थांबलं तिथे थांबवायचं.

एवढं ठरूनही उशीर होतोय तो एका सहीसाठी. बाबा गेले तेव्हा भाचा दोन वर्षांचाही नव्हता. त्याचे वडील त्याच्या वतीनं सही द्यायला तयार होते, मीच थांबवलं. आजोबांच्या शब्दांवर त्याचाही हक्क आहे, तर त्यानं ते आधी वाचावेत आणि मग सही करावी. तो येत्या डिसेंबरात अठरा पुरे करतो. सध्या आठवं पुस्तक वाचतोय आणि रात्री अकराला मला फोन करून भांडतो.

आणि खुनी कोण? मला माहीत नाही. अकरा प्रकरणं शाईनं लिहिलेली आहेत. बाराव्याचा नुसता आकडा आहे, आणि त्याखाली पेन्सिलनं एक ओळ: "जिनिंग होऊन बांधलेल्या गठाणीत ओली सरकी आली कुठून?"