खवळलेल्या समुद्रात बोटीवरची मासेमारी : मासे कमी, हाल जास्त

आधीच सांगतो, मासे जवळजवळ मिळालेच नाहीत. खडपावर, म्हणजे पाण्याखालच्या खडकावर, मोठी तांबोशी किंवा हेकरू लागेल या आशेने किनारा दिसेनासा होईपर्यंत आत गेलो होतो. बोटीत आले ते काही शिंगाळे आणि एक छोटी तांबोशी.

निघताना पाणी शांत होतं. अंदाज 12 ते 14 नॉट वाऱ्याचा, म्हणजे ताशी 22 ते 26 किलोमीटर. एवढ्यात बोटी सर्रास जातात. मग ओहोटी लागली, प्रवाह वाऱ्याच्या तोंडावर आला आणि तासाभरात समुद्राचं रूप पालटलं. वारा फारसा वाढला नव्हता, पण लाटा उभ्या आणि एकीला लागून एक येऊ लागल्या.

म्हणून अंदाजात वारा आणि लाटेची उंची पाहून थांबू नका. दोन लाटांमध्ये किती सेकंद आहेत ते बघा. दीड मीटरची लाट दहा सेकंदांनी येत असेल तर बोट सावकाश वर-खाली होते. तीच पाच सेकंदांनी आली की उभं राहणं मुश्कील. शिवाय अंदाजातली उंची सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते, एखादी लाट तिच्या जवळपास दुप्पटही येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह जोरात असतो. तळाच्या मासेमारीला मला अष्टमीच्या सुमाराचा भांगच, म्हणजे कमी भरती-ओहोटीचा काळच, बरा वाटतो.

नांगर धरेना, म्हणून बोट वाहती ठेवली. वारा बोटीला एकीकडे ढकलतोय, प्रवाह दोरा दुसरीकडे ओढतोय, अशात 200 ग्रॅमचं शिसं तळाला टेकेचना. जड शिसं लावल्यावर तळ लागला, पण मासा टोचतोय की लाट बोट उचलतेय हेच हाताला कळेना. बारीक विणलेला (ब्रेडेड) दोरा प्रवाहाला कमी अडतो, तोच न्या. जाड नायलॉनचे दोरे फुगून शेजाऱ्यांच्या दोऱ्यांत गुंतत होते आणि हलत्या बोटीत ती गुंतवळ सोडवण्यात बराच वेळ गेला. शिसं वेगवेगळ्या वजनांचं आणि भरपूर हवं.

शिंगाळा हाताने धरू नका. पाठीवरचा एक आणि दोन्ही बाजूंच्या परांचे काटे विषारी असतात. लांब पक्कडीने गळ काढा. एका सोबत्याच्या तळहातात काटा घुसला. थर्मासमध्ये गरम पाणी होतं, सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवल्यावर कळ उतरली. तरी नंतर डॉक्टरांना दाखवावंच, काट्याचा तुकडा आत राहू शकतो.

बोट लागण्याची गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्या. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. बसायला बोटीचा मधला-मागचा भाग बरा, नजर क्षितिजावर. लाइफ जॅकेट अंगावर हवं, फळीखाली नको.

तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाने, लवकर परतायचं ठरवलं तेव्हा कोणीही हुज्जत घातली नाही, कारण त्याचा शब्द शेवटचा हे निघण्यापूर्वीच ठरलं होतं. तुम्हीही ठरवून घ्या. परतीला वेग निम्म्यावर आला, वेळ आणि डिझेल दोन्ही जास्त लागलं. एक तृतीयांश इंधन जायला, एक तृतीयांश यायला, उरलेलं राखीव, हा हिशेब इथे कामी आला.

जागा मात्र चांगली आहे, फिश फाइंडरवर (पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्रावर) खडपाच्या माथ्यावर मासे दिसत होते. भांगाचा, वारा पडलेला दिवस बघून पुन्हा जाणार आहे.