फोड वाटाण्याएवढा, भोक मुठीएवढं
गाडीच्या दाराच्या खालच्या कडेला रंगाचा फोड आला होता, म्हटलं घासू आणि टचअप मारू, काय त्यात. स्क्रूड्रायव्हरने टोचलं तर टोक थेट आत, पत्र्याचा वाळक्या पानासारखा चुरा! गंज आतून आलेला, कारण दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं चिखलाने बुजलेली, पाणी आतच साचायचं. मग कुजलेला भाग कापला, कडा चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासल्या, नवा तुकडा वेल्ड केला, एपॉक्सी प्रायमर (ओलावा अडवणारा अस्तराचा थर) आणि मगच लांबी, म्हणजे पुट्टी. भोकावर नुसती लांबी थापणारेही असतात, पण ती ओलावा धरते आणि फोड परत येतो. गंज परत लागू नये म्हणून आतून मेण मारायचं राहिलंय, आणि दुसरं दार टोचायची हिंमतच होत नाहीये.